चौथा प्लग

आमच्या आजोबांची गाडी माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठी आहे आणि घरात तिचा मान माझ्यापेक्षा सव्वीस पटींनी जास्त. जुनं साधं डिझेल इंजिन, टर्बो-बिर्बो काही नाही. "हिला बाहेरून फुंकर घालायला कुणी लागत नाही," आजोबा छाती फुगवून सांगतात. "स्वतःच्या दमावर हवा ओढते." आजोबा म्हणजे आईचे बाबा, त्यामुळे आई मागून बिनधास्त म्हणते, "हो, दमेकऱ्यासारखी."

या इंजिनात चार हीटर प्लग असतात. सकाळी गार इंजिन चालू करायचं तर आधी ते तापायला हवेत. पहिले तीन आजोबा बदलतात. चौथा पार मागे, डिझेलच्या नळ्या आणि मागचा पत्रा यांच्या बेचक्यात. तिथे आजोबांचा पंजा जात नाही, माझा जातो. आठव्या वर्षापासून ते काम माझ्याकडे, आणि तेव्हापासून माझं नाव चिमटी.

त्या शनिवारी माझ्या भाषणस्पर्धेची अंतिम फेरी होती. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा ओठातल्या ओठात द्यायचे, आणि आता आख्ख्या शाळेतून मी एकटी निवडले गेले होते! दुसऱ्या शाळेत जायची बस आठला आमच्या शाळेच्या फाटकातून सुटणार होती. बाईंनी बजावलं होतं, "आठ म्हणजे आठ. कुणासाठी थांबणार नाही." आजोबांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं की चिमटीला गाडीतून सोडणार, ऐटीत.

पावणेसातला किल्ली फिरली. घर्र घर्र घर्र. पांढऱ्या धुराचा एक ढेकर आणि शांतता. आजोबांनी बल्बला वायर जोडून एकेक प्लग तपासला. शेवटच्याला बल्ब पेटला नाही.

"चौथा गेला. चिमटे, ये."

मी गणवेशाची बाही दंडापर्यंत सरकवली, पाना धरला आणि हात घातला. अंगठ्यापाशी जरा अडला. मी ढकलला, गेला. प्लगवरच्या वायरचा नट सोडला, तोंडाने "झालंच!" म्हणाले आणि हात मागे ओढला.

आला नाही.

पुन्हा ओढला. अंगठ्याच्या बुडाशी नळी रुतली. वळवून पाहिला, तर मनगटाच्या हाडाला पत्रा लागला. मी बॉनेटखाली अशी वाकलेली, गाल हवेच्या फिल्टरच्या झाकणावर, नाकात डिझेल, आणि एका डोळ्याला दिसत होती फक्त भिंत आणि डाव्या मनगटावरचं घड्याळ. सात वाजून सहा मिनिटं.

"ओढू नकोस," आजोबा म्हणाले. "सूज येईल."

आई भांड्यांचा साबण घेऊन धावत आली. कोपरापर्यंत फेस झाला. हात हलला तो एवढासा, आणि आणखी खोल जाऊन बसला. सात अठरा. मला एकदम वाटलं, मी आता इथलाच एक सुटा भाग आहे. तिकडे बस निघेल, लोक मोठे होतील, आणि मी तेल बदलताना तेवढी पुसली जाईन.

श्वास पुरेना. छाती गाडीच्या कडेवर दाबली गेली होती आणि पाठ मोडायला आली होती.

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारचे शिंपीकाका डोकावले, गळ्यात टेप. "काय झालं हो?"

"पोरीचा हात अडकलाय," आई रडवेली झाली होती.

काकांनी मान तिरकी करून मला न्याहाळलं. "मापात बसत नाही म्हणजे वाढ झाली. आता उसवावं लागेल."

"हात?" मी किंचाळले.

"अगं वेडे, नळ्या!"

त्या नळ्या आजोबांनी एकोणीस वर्षांत उघडल्या नव्हत्या. तिसरीच्या नटाचे आटे गेलेले होते. तसली नळी आता कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि उघडली तर ती परत घट्ट बसेलच असं नाही. घरात आम्हाला हे पाढ्यांसारखं पाठ होतं.

"जरा दम धरू," आजोबा म्हणाले. "सूज उतरेल."

"बाबा, तिची बस आहे!" आई म्हणाली.

"दहा मिनिटं. सूज उतरली की लहानसा हात आहे तो, अलगद येईल."

सात चोवीस. एरवी मी गप्प बसले असते. पण भाषणाची सवय लागली होती ना!

"आजोबा, ही सूज नाही. माझा हात मोठा झालाय. कधीतरी होणारच होता. नळ्या काढा."

फिल्टरच्या झाकणाला तोंड लावून बोलल्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा आला, पण आला. मग पान्यांच्या पेटीचा खडखडाट ऐकू आला.

"सतरा नंबर कुठे टाकलास?"

"तुमच्या उजव्या खिशात आहे, आजोबा."

पहिली नळी सुटली, दुसरी सुटली. तिसऱ्या नटाने कुईं केलं आणि आजोबांच्या तोंडून "आई गं" निघालं. जणू त्यांचाच दात काढला. गार डिझेल माझ्या मनगटावरून ओघळलं. चौथी निघाली, जागा झाली आणि हात सुटला! काळा, साबणाचा, अंगठ्याखाली निळी पट्टी. मी सरळ उभी राहिले आणि पोटभर हवा ओढली.

तेवढ्यात आजोबांनी पाना घेऊन स्वतःचा हात त्या जागेत घातला. पार कोपरापर्यंत गेला.

मी बघतच राहिले. "म्हणजे नळ्या काढल्या की तुमचाही हात जातो?"

"जातो."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं?"

"पळ," ते वर न बघता म्हणाले. "पावणेआठ झाले."

मला घेऊन शिंपीकाकांची स्कूटर शाळेच्या फाटकात पोहोचली तेव्हा बस हलायला लागली होती. मी दारावर काळा पंजा आपटला. दार उघडलं.

"काच कोण पुसणार?" ड्रायव्हरकाका ओरडले.

"मी! परत आल्यावर!"

आणि संध्याकाळी परतल्यावर मी खरंच काच पुसत होते, तेव्हा दोन गल्ल्या पलीकडून आमच्या गाडीचा आवाज आला. मी इंजिनाचे ठोके ऐकले. चारही पडत होते. गाडी फाटकाशी थांबली, पण आजोबांनी इंजिन बंद केलं नाही.

"आत बस लवकर. तिसरी नळी गळतेय, खाली डबा बांधलाय, भरत आला असेल." मग माझा हात धरून त्यांनी निळी पट्टी नीट बघितली, अंगठ्याने जरा दाबून. "दुखतं?"

"थोडं."

"हं. भाषणाचं काय झालं?"

मी दार ओढून घेतलं. "सांगते. पण मध्ये बोलायचं नाही."