खारबावची चढण

मंदाकिनी प्रधान कोलशेतच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग्ज काढत होत्या. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून त्यांच्या मुलीने, ऋजुताने, लॅपटॉपवर ट्रेन चालवायचा गेम टाकून दिला. गाडी चालवण्यात त्यांना फारसा रस वाटला नाही. पण त्यात नवे मार्ग बनवता येतात हे कळलं, तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या. सात महिन्यांत त्यांनी दिवा-वसई मार्ग उभा केला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला.

चौथ्या दिवशी त्याखाली शिवराम जाधव नावाच्या माणसाने लिहिलं, 'खारबावच्या पुढं मालगाडी चढतच नाही. तिथं एवढी चढण नाही. मी त्या लायनीवर चोवीस वर्षं ट्रॅकमन होतो.'

"सोड गं आई, लोक काहीही लिहितात," ऋजुता म्हणाली.

मंदाकिनीबाईंना राग आला होता. उंचीचे आकडे उपग्रहाच्या नकाशावरून त्यांनी स्वतः भरले होते. तरी त्यांनी मालगाडी चालवून पाहिली. खारबाव सोडल्यावर वेग उतरत गेला आणि अठ्ठावन्न डबे जागच्या जागी थांबले. त्यांनी लगेच शिवरामांना लिहिलं, 'तुम्ही मला प्रत्यक्ष दाखवाल का?'

शिवराम कल्याणला राहायचे. रविवारी ते कोपर स्टेशनवर आले. वसईच्या गाडीत दोघं खिडकीशी समोरासमोर बसले.

"तुम्हांला सगळे चढ-उतार पाठ आहेत?"

"पाठ कशाला करावे लागतात, मॅडम? पाना-हातोडा खांद्यावर घेऊन रोज रूळ तपासत चालायचो. चढ लागला की पोटऱ्याच सांगायच्या."

खारबाव गेलं. "हे सपाट," शिवराम म्हणाले. "हेपण सपाटच. आता त्या मोरीपासून जरासा चढ."

मंदाकिनीबाई बाहेर बघत होत्या. दोन्ही बाजूंची झाडी रुळांवर झुकली होती. त्यांच्या एकदम लक्षात आलं, उपग्रहाने जमिनीऐवजी झाडांचे शेंडे मोजले होते.

"अहो, मी झाडांवरून रूळ नेले!"

शिवराम हसले नाहीत. "घरात बसून ते कसं दिसणार?"

घरी आल्यावर ऋजुताने सुचवलं, "तेवढाच तुकडा खाली घे ना."

"मग पुढचे पूल, फलाट अधांतरी राहतील. आणि इथे चुकलं तसं आणखी कुठे चुकलं असेल, कोण जाणे."

त्यांनी अकरा किलोमीटर पुसून टाकले.

"आई! दोन महिन्यांचं काम होतं ते!"

"चुकीचं होतं."

पुढचे चार रविवार त्या शिवरामांबरोबर वही घेऊन गेल्या. माउस चालवून मनगट दुखायला लागलं तेव्हा पट्टा बांधून लॅपटॉपपुढे बसल्या. तीन महिन्यांनी मार्ग पुरा झाला, तेव्हा त्यांनी शिवरामांना ठाण्याला घरी बोलावलं. मालगाडी खारबाववरून न अडखळता पुढे गेली.

"हां, आता बरोबर," शिवराम म्हणाले, पण पडद्यावरून त्यांची नजर हटेना. "चोवीस वर्षं गाडी आली की बाजूला उभा राहायचो. इंजिनातून आपली लाइन कशी दिसते, कधी बघितलंच नव्हतं."

मंदाकिनीबाईंनी गाडी थांबवली, पुन्हा दिव्याला आणून लावली आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

"या बटणाने वेग, याने ब्रेक. चला, तुम्हीच न्या वसईला."

शिवरामांनी चष्मा पुसला आणि सावकाश गाडी सोडली.