आईच्या मापाची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. कसली पेटी, हे सांगितले की तुम्ही दोन पावले मागे सराल, म्हणून आधीच सांगते. मी मयताची पेटी आहे. घाबरू नका, मित्रांनो. आमच्या चीनच्या डोंगराळ मुलखात मला कोणी घाबरत नसे. घरातले माणूस साठीला आले की मुले त्याची पेटी करून घेत आणि ती घरातच ठेवत. पेटी तयार असली की म्हातारी माणसे निर्धास्त जगत.

माझी मालकीण वान म्हातारी. माझ्या फळ्या तिच्याच मापाने कापल्या. सुताराचे काम संपले, तेव्हा मी पांढरीफटक आणि खरखरीत होते. मला रूप दिले ते रोगणाने. आमच्या डोंगरात रोगणाची झाडे आहेत. त्यांच्या सालीला चीर दिली की दुधासारखा चीक पाझरतो आणि वारा लागताच काळा पडतो. म्हातारीचा मुलगा लायफू पहाटे झाडावर चढून, चिरेखाली शिंपले खोचून, थेंब थेंब तो चीक जमवी आणि दर पावसाळ्यात माझ्यावर त्याचा एक हात देई. इतर रंगांना ऊन लागते, या रोगणाला ओल लागते. कोरड्या हवेत ते चिकटच राहते, दमट हवेत मात्र दगडासारखे घट्ट होते. एकदा वाळले की त्याला वाळवी खात नाही, उंदीर कुरतडत नाही, पाणी आत शिरत नाही. वर्षागणिक मी काळीभोर आणि चकचकीत होत गेले. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार गर्व होता.

शेजारची दोंग म्हातारी आली की चेष्टा करी. "काय गं वान, पुन्हा पेटीत तोंड बघतेस? आरसा फुटला का घरातला?"

"आरशाला काय कळतंय! ह्या वयात पेटीच खरं सांगते," असे म्हणून वान म्हातारी बाहीने मला पुसून घेई.

पण रोगणाचा दुसरा गुण कोणी बोलून दाखवत नसे. ओला चीक माणसाला चावतो. काहींना काहीच होत नाही, काहींचे अंग सुजून येते. लायफूला तो फार चावत असे. हात दिल्यावर त्याचे तोंड भोपळ्यासारखे फुगे आणि डोळ्यांच्या नुसत्या चिरा उरत. दुसऱ्याला काम सांगता आले असते. पण आईच्या पेटीला पोराचाच हात लागावा, अशी आमच्याकडची रीत होती.

एका वर्षी असाच हात वाळला आणि घरच्यांनी मक्याची पोती माझ्यात ओतायला घेतली, कारण पेटी रिकामी ठेवणे बरे नव्हे. पोती ओढायचा लोखंडी आकडा माझ्या डाव्या कुशीला घासत गेला. लांबच लांब पांढरा ओरखडा उठला. रोगणाचे हेच वाईट. जितकी चकाकी जास्त, तितका ओरखडा उठून दिसतो.

म्हातारीच्या घशाखाली घास उतरेना. "आता लोक म्हणतील, पोरगा जिवंत असून वानची पेटी फाटक्या अंगानं गेली!"

सून गुईश्यांग काकुळतीला आली. "आई, ह्यांचे डोळे अजून उघडत नाहीत. मडक्यात चीकही नाही उरलेला. पुढच्या वर्षी बुजवू ना."

"मी कुठं त्याला जा म्हणते? पण पुढचं वर्ष मला दिसणार आहे का?"

"जाऊन येतो गं आई," लायफू सुजलेल्या ओठांनी हसला. "झाड ओळखीचं आहे. डोळे मिटूनही चढेन."

पहाटे तो गेला. झाडाला बांधलेली पायरी पावसाने बुळबुळीत झाली होती. त्याला ती दिसली नाही. दुपारी माणसांनी त्याला दाराच्या फळीवर घालून आणले.

अकाली गेलेल्याला आमच्याकडे ओबडधोबड फळ्या ठोकून पुरत. म्हातारी माझ्यापाशी आली आणि ओंजळीओंजळीने मका उपसू लागली. दोंग म्हातारीने तिचा हात धरला. "अगं, असं करतात का कुणी? आईची पेटी पोराला देतात? मग तू कशात जाशील?"

"चटईत गुंडाळा मला," म्हातारी म्हणाली. "पण हिच्यासाठी गेला ना तो? मग हिच्यातच जाऊ दे."

मी तिच्या मापाची होते. लायफूचे गुडघे जरा दुमडावे लागले. तेव्हा मला माझ्या चकाकीची लाज वाटली. झाकण लावण्याआधी म्हातारीने ओरखड्यावर बोट फिरवले आणि म्हणाली, "राहिलाच की रे."

पुढे पावसाळ्यांमागून पावसाळे गेले. एके दिवशी वर कुदळी वाजल्या आणि माझ्या डाव्या कुशीला कच्च्या फळ्यांची एक पेटी येऊन टेकली. गुईश्यांगचे रडणे ऐकले, तेव्हा मला कळले की म्हातारी आली. त्या फळ्यांना रोगणाचा थेंबही नव्हता. थोड्याच वर्षांत त्या कुजल्या आणि म्हातारी माती होऊन माझ्या अंगाला लागली. पण मी अभेद्य. मला पाणी लागत नाही, मुळे फोडत नाहीत. आई बाहेर, पोर आत, आणि मध्ये त्याच्याच हाताने दिलेले थर. माझा सगळे वाखाणत, तो गुण हाच.

मित्रांनो, लाकडाला रोगण अवश्य द्या. पण देणाऱ्याच्या तोंडाकडे आधी बघा. ते सुजले असेल, तर ओरखडा राहू द्या.

माझा राहिला आहे. यंदा त्याच जागी थोडी ओल आली आहे. एक बारीक मूळ म्हातारीच्या मातीतून निघून तिथवर पोचले आहे आणि आत यायला वाट शोधते आहे. मी लाकूड सैल सोडले आहे.