न्हाऊ घातलेलं यंत्र

अंबूबाई रोज सकाळी दोन वस्तू तयार ठेवायच्या. एक नवऱ्याची भाकरी, फडक्यात बांधलेली. दुसरी औषधाची निळी बाटली, काळ्या गाईच्या गोमूत्रानं भरलेली. भाकरी दादासोंसाठी, गोमूत्र टाईपरायटरसाठी.

दादासो कराडातल्या एका शेतकी संघाच्या कचेरीत वडील कारकून होते. मोडी लिहून लिहून त्यांच्या बोटाला घट्टा पडला होता. ओल्या शाईवर वाळू भुरभुरावी, फुंकर मारावी आणि कागद पुढं सरकवावा, असा सगळा ऐसपैस कारभार. पण लढाई संपली आणि कागद मात्र वाढले. पुण्याहून हुकूम आला, यापुढे मजकूर यंत्रावर छापूनच पाठवावा. संघाचे चेअरमन लालासाहेब हौशी. त्यांनी मराठी टाईपरायटर आणला आणि पलटणीच्या कचेरीत टाईप करायला शिकून, तिथून सुटून आलेल्या सिद्धूला त्यावर बसवलं. वर फर्मान काढलं, "दिवाळीपतूर समद्यांनी त्याच्याकडनं शिकायचं. जो शिकनार न्हाई, त्यानं घरी बसून म्हशी राखाव्यात."

सिद्धू महारवाड्यातला. तिथंच सगळं अडलं.

"त्याचं बोट जिथं, माझं बोट तिथंच पडनार," पहिल्या संध्याकाळी पाय धुता धुता दादासो म्हणाले. "अंजनाच्या सासरी कळलं तर?"

अंजना त्यांची एकुलती लेक. आष्ट्याला तिची नुकती सुपारी फुटली होती.

"मग शिकू नगा."

"आन् खायाचं काय? शाईवरची वाळू?"

तोड शेवटी अंबूबाईंनीच काढली. कुणी बघत नसताना यंत्रावर चार थेंब शिंपडायचे आणि बसायचं. दुपारी सिद्धू बाहेर लिंबाखाली भाकरी खायला गेला की दादासो शिंपडत. मग बाकीचे तीन कारकूनही तीच बाटली मागून घेऊ लागले. जेवून आल्यावर सिद्धू दारात उभा राहून शिकवी, "दादा, करंगळी वापरा की! ती काय निवदाला ठेवलीया व्हय?" दादासो घरी येऊन ही गोष्ट हसत हसत सांगत. "पोरगं गुनाचं हाय गं," म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन जात.

पितृपंधरवडा लागला तशा अंबूबाई म्हणाल्या, "आता थेंबानं भागायचं न्हाई. घरात पितरांचं पान वाढायचंय. चांगलं न्हाऊ घाला त्याला."

दादासोंनी न्हाऊ घातलं. सबंध बाटली ओतली.

आठवडा उलटायच्या आत कळा अडकू लागल्या. एक दाबली की शेजारच्या दोन तिच्याबरोबर खाली जात आणि वर येत नसत. आत तांबूस गंज चढला होता. लालासाहेबांनी सगळ्यांना पुढं उभं करून विचारलं. चौघंही कारकून आपापल्या वहाणांकडं बघत राहिले. संध्याकाळी सिद्धूची नोकरी गेली.

"यंत्र सांबाळलं न्हाई म्हनून," दादासो भिंतीकडं तोंड करून म्हणाले.

"आन् तुमी बोलला न्हाई?"

"काय बोलू? नोकरी जाईल, पोरीचं लगीन मोडंल. ताट वाढ."

अंबूबाईंनी ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धू आला. अंगणाच्या कडेला, तुळशीच्याही पलीकडं, पलटणीतल्यासारखा ताठ उभा राहिला. त्याला बघताच दादासो आतल्या खोलीत गेले आणि हातानंच 'नाही म्हणून सांग' म्हणाले.

"वैनीसाब, दादा हायत का?"

"न्हाईत घरात."

आत दादासोंना ठसका लागला. सिद्धूनं उंबऱ्याजवळच्या वहाणांकडं पाहिलं.

"मी पलटणीत आधी खेचरांच्यात दिस काढल्यात, वैनीसाब. मुतानं गंजलेलं लोखंड मला लांबनं कळतं. सायबास्नी सांगितलं, तर म्हनत्यात, साक्षीला कोन हाय? म्हनून आलतो. दादांनी एकडाव खरं बोलावं. म्हातारी हाय माझी घरात, मला ह्योच एक धंदा येतोय."

अंबूबाईंच्या ओठावर शब्द आले होते. पण मागं माजघरात अंजना तांदूळ निवडत बसली होती. सुपातले दाणे वाजत होते.

"पानी देऊ का?" एवढंच त्या म्हणाल्या.

"वरनं वतनार न्हवं? र्‍हाऊ द्या," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुपारभर अंबूबाईंना काही सुचेना. उन्हं कलली तशा त्या कुणाला न सांगता लालासाहेबांच्या वाड्यावर गेल्या. डोईवरचा पदर घट्ट धरून, एका दमात सगळं बोलल्या. बाटली माझी, अक्कल माझी, पोराचा काही दोष नाही.

लालासाहेब सुपारी कातरत होते.

"वैनी, मला काय पडसं झालतं व्हय? कचेरीत पाय टाकला तवाच वास आला."

"मग आवं, त्याला का काढला?"

"चार कारकून एकीकडं, त्यो एकटा एकीकडं. चौघं उठून गेलं तर संघ कुनाच्या जिवावर चालवू?" अडकित्ता थांबला नाही. "साताऱ्यासनं नवा मानूस येतोय. आपल्यातलाच हाय. दादासोला म्हनावं, आता बिनघोर शिका."

नवा माणूस आला, यंत्र दुरुस्त झालं. दादासोंची करंगळीही चालू लागली. सिद्धू म्हातारीला इथंच ठेवून मुंबईला गेला, गोदीत ओझी वाहायला, असं कुणीसं सांगितलं.

"आता बाटली नगं," एका सकाळी दादासो म्हणाले.

अंबूबाईंनी ती मोरीत नेली. राखेनं घासली, चिंचेनं घासली, उन्हात ठेवली, नाकाशी धरली आणि परत घासली. शेवटी लेकीपुढं केली.

"अंजे, वास येतोय का गं अजून?"

"येतोय की," अंजना मान वर न करता म्हणाली. "घरात कवापासनं येतोय."

आपल्या गावोगावच्या कचेऱ्यांत आता अशी यंत्रं येतील. माणसं नव्या कळांवर जुनीच बोटं ठेवतील आणि काम सुरळीत चाललं आहे असा शेरा मारतील. वाचणाऱ्यांनो, हा कागद खाली ठेवण्याआधी एक मोठा श्वास घेऊन बघा. त्या कचेरीत नाक सगळ्यांनाच होतं.