शिडीबाईचे कुलूप

दिव्याचे झाकण सैल होताच आतले पाणी तिच्या मनगटावरून थेट बाहीत शिरले. शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या उभ्या तिने एक कचकचीत शिवी हासडली.

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या नवऱ्याने मान वर केली. "काय झालं गं?"

"दिव्याला घाम फुटलाय."

"पुसून टाक मग."

"घाम कसला, आंघोळ झालीये त्याची! ओंजळभर पाणी होतं आत."

तिने बोट आत घालून रबराची कडी काढली. ती वाळून कडक झाली होती, चिमटीत धरताच मोडली. आतले स्क्रू हिरवे पडले होते. तिने शेजारचा दिवा उघडला, मग त्याच्या शेजारचा. सगळ्यांची तीच गत.

इंधनाच्या डेपोतली टँकर भरायची ती शेड, बाजूंनी उघडी, वारा येईल तिकडून पाऊस आत घेणारी. टँकरमध्ये पेट्रोल पडू लागले की आतली वाफ तोंडातून बाहेर ढकलली जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते. म्हणून तिथले दिवे साधे नसतात. जाड धातूचे अंग, जाड काच आणि झाकण असे नेमके बसलेले, की आत ठिणगी पडलीच तर ती आतच मरावी, बाहेरच्या वाफेला तिची गंधवार्ताही लागू नये. पण उघड्यावरच्या दिव्याला पाणीही सोडत नाही. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते आणि गार झाला की तो बाहेरची ओल आत ओढतो. दिवे श्वास घेतात, असे ती म्हणायची. जुने दिवे वर्षानुवर्षे कोरड्या छातीने श्वास घेत आले होते. हे नवे, हलके आणि देखणे दिवे लावून जेमतेम काही महिने झाले होते.

वायरमनचा कोर्स करून ती इथे कामाला लागली, तेव्हा "बाई वर चढणार, मग खाली शिडी धरायला कोण उभं राहणार?" म्हणून सगळे फिदीफिदी हसले होते. हसणाऱ्यांतलाच एक टँकर भरणारा पोरगा उभा राहिला. त्याने शिडी धरली, पुढे तिच्याशी लग्नही केले. मुलीच्या वेळी पोट पायऱ्यांना टेकायला लागले तेव्हा कुठे ती खाली उतरली आणि मुलगी रांगायला लागायच्या आत पुन्हा वर चढली. तेव्हापासून सगळ्या डेपोला ती शिडीबाई.

साहेब आले. डेपो त्यांच्या हाताखाली होता आणि दोन्ही बाजूंनी ओढला जाणारा माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. तिने दोन पायऱ्या उतरून पाण्याने डागाळलेली काच त्यांच्या हातात दिली.

"साहेब, ही रांग बंद ठेवते. दिवे उतरवावे लागतील."

"मला दिसतंय पाणी. मी काही आंधळा नाही," साहेब म्हणाले. "वर कळवतो. पण आज संध्याकाळी दिवे लागलेच पाहिजेत. पावसानं आधीच भरणी तुंबलीये. बाहेर गाड्यांची शेपूट बघ, कुठवर गेलीये."

दिवे पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस मागेच होता. त्याने खिशातून सांधे बुजवायच्या लगद्याची एक ट्यूब काढली. "ताई, सांध्यात हे भरा. पाण्याची काय बिशाद आत यायची!"

"सांधा चिकटवून टाकला तर आत काय शिजतंय ते कळणार कसं? आणि ठिणगी अडवायचं काम त्या सांध्याचं आहे, त्यातच हा चिकट लगदा कोंबायचा? हे म्हणजे पोराचं तोंड शिवून ताप उतरवण्यातला प्रकार."

"एवढं काही होत नाही हो."

"होत नाही तोवर होत नाही."

"वाद नको," साहेब म्हणाले. "लाव ते, आणि दिवे सुरू कर."

ती शिडीवरून उतरली, हात पुसले आणि सरळ पॅनेलच्या खोलीत गेली. त्या रांगेचा खटका तिने खाली ओढला आणि त्याला आपले लाल कुलूप लावले. डेपोतला नियम सगळ्यांना पाठ होता. वीज बंद करून काम करणाऱ्याने खटक्याला आपले कुलूप लावायचे आणि ज्याचे कुलूप, त्यानेच ते काढायचे. तिने किल्ली खिशात टाकली, एक बादली पालथी केली आणि दारात तिच्यावर बसली.

सूर्य कलला. शेडमध्ये काळोख दाटू लागला तशी बाहेर ड्रायव्हरांची बोंबाबोंब सुरू झाली. थोड्या वेळाने नवरा आला.

"किल्ली दे."

"कुणी पाठवलं?"

"कुणी का पाठवेना! सगळे माझ्याकडे बघतायत. म्हणतात, घरात चालत असेल हिचं राज्य, इथं कशाला?"

"घरात तरी कुठं चालतं? तुमचा ओला टॉवेल अजून पलंगावरच पडतो."

तो हसला नाही. "थट्टा पुरे."

"थट्टा नाहीच करत मी. त्या दिव्यांखाली टँकरच्या तोंडावर वाकून कोण उभं असतं? साहेब? की तो ट्यूबवाला?"

"मी असतो! मीच असतो ना!" त्याचा आवाज चढला. "मग मला विचारलंस? मला न विचारता मला वाचवायला निघालीस आणि चारचौघांत माझं हसं केलंस."

हे तिला लागले.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर तुम्ही 'चालतंय' म्हणाला असता. तुमचं सगळंच चालतंय. दाढ सुजून गाल फुगला होता, तेव्हाही चालतच होतं."

तो तडक निघून गेला. परत आला तो साहेबांबरोबर. त्यांच्या हातात लांब दांड्यांचे कटर होते. मागे ट्यूबवाला, दोन-चार ड्रायव्हर, शेडमधले कामगार.

साहेबांनी कटर ट्यूबवाल्यापुढे धरले. तो आपल्या बुटांकडे बघू लागला. मग त्यांनी ते तिच्या नवऱ्याच्या हातात दिले. "काप. घरचा मामला आहे, लवकर मिटेल."

त्याने कटर हातात तोलून पाहिले. बायकोकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

"साहेब, हिच्याशी माझं भांडण आहे आणि ते मी घरी जाऊन भांडणार आहे," तो म्हणाला. "पण कुलूप लावणारं माणूस इथं समोर बसलंय. दुसऱ्याचं कुलूप मी आजवर कापलेलं नाही."

त्याने कटर जमिनीवर ठेवले. साहेबांनी ते स्वतः उचलले. तशी ती उठली आणि दारातून बाजूला झाली.

"कापा. तुम्हाला अधिकार आहे. फक्त दिवे लागले की पहिल्या टँकरवर ह्यांच्या जागी तुम्ही चढा. शिडी मी धरते."

साहेबांनी कटरचे दांडे उघडले, मिटले. ते वाईट नव्हते. घरी त्यांची वाट पाहणारी माणसे होती आणि वरून फोनवर फोन येत होते.

"साहेब," एक म्हातारा ड्रायव्हर खाकरला, "पहिली गाडी माझीच आहे. मी काय ती आत घालत नाही आज. उजाडल्यावर बघू." आणि तो कोणाची वाट न पाहता आपल्या केबिनमध्ये जाऊन आडवा झाला. बाकीचे तिच्या नावाने बोटे मोडत, पण त्याच्यामागोमाग पांगले. साहेब कटर काखेत धरून ऑफिसकडे गेले.

पुढचे काही दिवस भरणी उजेड असेतोवरच चालली. भंगारात टाकलेले जुने दिवे परत आणले गेले. ते इतके जड होते, की एकेक वर चढवताना तिचे खांदे भरून येत. तिने सगळ्यांची रबरे बदलली, वायर शिरते तिथली पकड आवळली, मग प्रत्येकावर पाण्याचा जोरदार फवारा मारून तो दिवा पुन्हा उघडून पाहिला. आत कोरडे ठणठणीत. दिवे लागले, गाड्या आत येऊ लागल्या. तुझे बरोबर होते, असे तिला कोणी म्हणाले नाही.

वरून मात्र हुकूम आला. काम बंद पाडल्याबद्दल शिडीबाईने सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर शिडी सोडावी.

कँटीनमध्ये सगळे जमले. ती उभी राहिली.

"साहेबांना चारचौघांत उलटून बोलले, त्याबद्दल माफी मागते."

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकत मान डोलावली. पण ती खाली बसेना.

"काम थांबवलं, त्याबद्दल नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा थांबवेन."

मागच्या बाकावर कोणाला तरी हसू दाबताना ठसका लागला.

नवरा कुलपाच्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतेच बोलत होता. त्या संध्याकाळी दोघे घरी आले. उंबऱ्याशी चपला काढता काढता तो म्हणाला, "पहिलं वाक्य बोलून बसली असतीस तर शिडी राहिली असती."

"हो."

"दुसरं चांगलं होतं," तो म्हणाला आणि चहाचे आधण ठेवायला आत गेला.

तिला सामानाच्या खोलीत बसवले. खिडकीतून कामगारांना रबरी हातमोजे, टोप्या, साबण द्यायचे. बसायला गादीची खुर्ची होती. वर्षानुवर्षे पायऱ्यांवर घट्ट झालेल्या पोटऱ्या त्या खुर्चीत आपोआप आवळायच्या, पायाला मुंग्या यायच्या. आठवड्याच्या आत तिने खुर्ची भिंतीशी सरकवली आणि खिडकीशी उभे राहून काम करू लागली.

हातमोजे द्यायचे काम म्हणजे जोडी उचलायची आणि खिडकीतून पुढे सरकवायची. आजवर तसेच चालत आले होते. ती मात्र प्रत्येक मोज्याचे तोंड हवेत फिरवून आत हवा धरी, मनगटाकडून पिळून तो फुगवी आणि गालाशी नेऊन दाबी. बारीकसे भोक असले तर गालाला झुळूक लागते.

एका सकाळी नवरा खिडकीशी आला. "अगं, आटप. गाडी लागलीये."

तिने मोजा गालाशी धरला, डोळे मिटले. मग तो कचऱ्यात टाकला आणि दुसरा घेतला. तो फुगला. तिने दाबला, पुन्हा दाबला. नवरा कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकवून उभा राहिला आणि मागून कोणी ढकलू लागला तसा मान न वळवता म्हणाला, "थांब रे. बघतीये ती."