कोरा सोडलेला जाळ

कागदाच्या कडेला कोळशानं उमटलेला अंगठा... पुसायचा राहिला असेल, की पुसायला उसंतच नव्हती? संग्रहालयात गिरिजा चित्रावरच्या काचेपाशी वाकली. शेजारच्या पाटीवर एवढंच होतं : महायुद्धाच्या काळात एका चित्रकर्तीला पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात पाठवलं होतं, तिथं उभ्या उभ्या काढलेलं हे चित्र.

मग तिनं मान वर केली आणि चित्र एकदम अंगावर आलं.

कलंडलेली अवाढव्य बादली, तिच्यातून कोसळणारा पोलादाचा लोट, भोवती धुराचा काळा डोंगर आणि तळाशी मुंग्यांएवढी माणसं – त्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या दोन बायका. इतकी वर्षं ती याच शहरात वितळलेल्या पोलादावर संशोधन करत होती, पण स्क्रीनवर, लाल-निळ्या ठिपक्यांत. खरं वितळलेलं पोलाद तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आणि ते आजवर आपल्याला खटकलंही नाही, हे तिला आत्ता, इथं खटकलं.

तो लोट इतका पांढरा कसा? तिनं निरखून पाहिलं. तिथं रंग नव्हताच. कागद कोरा सोडला होता. काळोख सगळा हातानं भरायचा, आणि जाळाला मात्र हातच लावायचा नाही... बाई, तुला हे कसं सुचलं? भीती वाटली होती का तुला? मला वाटतेय. याच पोलादाचे बॉम्ब झाले असतील, कुठल्यातरी शहरावर पडले असतील – आणि तरी माझी नजर हलत नाहीये.

"गिरिजा, सरांना मेल केलास ना, पीएचडी सोडतेय म्हणून?" तिची रूममेट रुचा मागून आली. "अल्फारेटा शहरातल्या त्या कंपनीचे जॉबवाले आजच उत्तर मागतायत यार."

"नाही केला."

"अगं, काल तर डिसाइड केलंस! तूच म्हणालीस, त्यात आता काही उरलं नाही."

म्हणाली होती. काल ते खरंही होतं. मग छातीत हे काय धडधडतंय? संशोधनाची ओढ म्हणावी, तर उद्या लॅबमध्ये पुन्हा तेच ठिपके, तोच कंटाळा... पण इतकी वर्षं आपण कशाच्या काठावर, त्याच्याचकडे पाठ करून बसलो होतो!

"मग? हो कळवायचं की नाही?"

"मला हे एकदा खरं बघायचंय, रुचा. जवळून."

"ते ठीक आहे. पण आज काय सांगणारेस?"

गिरिजा पुन्हा त्या कोऱ्या, पांढऱ्या लोटाकडे वळली. आपण लहान, फार लहान झालोय असं तिला वाटत होतं – आणि कितीतरी दिवसांनी, त्याचं वाईट वाटत नव्हतं.