आठ पुरे

घरच्या संगणकाला किती मेमरी लागेल, हे शिल्पाने विचारले होते नवऱ्याला, प्रणितला. उत्तर मात्र पेणहून अक्षयने दिले. फोन स्पीकरवर होता. प्रणित समोर बसून चहा पीत होता.

"बत्तीस जीबी घे," अक्षय म्हणाला. "सोळात बी चालंल, पण रडत रडत. आठचा तर विचारच करू नको. तुझा हात मला ठाऊक हाय ना. गणपतीच्या सोंडेवरची एक वळी तू सोडायची नायस."

"सोडली तर बाबांच्या आधी तूच ओरडशील," शिल्पा हसली.

"ओरडीन नाय तर काय! दाजींना सांग नीट."

"ते इथंच हायत. ऐकतायत."

"मग झालं. दाजी, बत्तीस!"

प्रणितने कप खाली ठेवला. बत्तीस या आकड्याशी त्याचे वैर नव्हते. सलले ते दुसरेच: तुझा हात मला ठाऊक हाय. लग्नाला दोन वर्षे होत आली होती. त्या हाताने वाढलेले तो जेवत होता; तापात तो हात त्याच्या कपाळावर उतरला होता. पण त्या हाताला काय येते आणि काय सोडवत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. शिवाय अक्षय 'तू' होता आणि प्रणित 'अहो'. 'तू' थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो. 'अहो'ला मानाने ओटीवर बसवतात आणि तिथेच विसरतात.

शिल्पाचे वडील जनूतात्या यांचा रामवाडीत गणपतींचा कारखाना होता. अक्षय तिथे शिकायला आला आणि तिथलाच झाला. पूर्वी नव्या मूर्तीचा पहिला नमुना शाडूत घडवीत आणि त्यावरून साचा काढीत. आता तो संगणकावर घडवून यंत्रावर छापून काढण्याची सोय अक्षयने केली होती. लग्नापूर्वी शिल्पा तिथे चेहरे करायची. मग ती रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात नांदायला आली आणि तिची बोटे पोळ्या लाटताना कणकेच्या कडेला नकळत कान काढू लागली.

यंदा जनूतात्यांचा निरोप आला होता. नवा नमुना पोरीने करायचा, आपल्या मनाचा, आपल्या घरी बसून. दिवाळी सरली की साचा काढायचा. एक गुडघा उभा धरून त्यावर सोंड टाकून बसलेला बाळगणपती तिच्या मनात होता. कारखान्यातली एक मूर्ती पहिल्यांदाच अंगापासून डोळ्यांपर्यंत तिची एकटीची असणार होती. संगणक हवा होता तो एवढ्यासाठी.

प्रणित एकटाच बाजारपेठेत गेला. दिनानाथशेठने आपल्या संगणकांच्या दुकानाच्या फळीवर कोपर टेकून विचारले, "काम काय करणार त्याच्यावर?"

उत्तर साधे होते. ते जिभेवर आले आणि तिथेच कडू झाले.

"घरचंच," प्रणित म्हणाला. "थोडं टायपिंग, हिशोब, कधी पिक्चर."

"मग आठ पुरे. चार पाहुण्यांसाठी लग्नाचा मांडव कशाला घालायचा? अन् पुढं लागलीच तर आत दोन खाचा रिकाम्या हायत. कधी बी आणा, टाकून देऊ."

आपण खोटे बोललो असे प्रणितला वाटले नाही. आपल्या घरात काय मावावे हे आपण ठरवले, एवढेच वाटले. आणि त्या वाटण्याला एक गार, गुळगुळीत समाधान होते, नदीतल्या गोट्यासारखे. घरी आल्यावर शिल्पाने विचारले, "बत्तीस?"

"आठ. हे मशीन त्याच्यावर घेतच नाय. दुकानदारच म्हणाला."

ती खोक्याची दोरी सोडू लागली. खारेपाटातल्या मिठागरांवर उमर काढलेली प्रणितची आई, काशीबाई, दारातून म्हणाली, "आठ काय नि बत्तीस काय! अगो, देव मावला म्हंजे झालं."

देव आधी मावला. बैठक झाली, पोट झाले, गुडघा उभा राहिला. शिफ्टवरून आल्यावर प्रणित तिच्या मागे खुर्ची ओढून बसे. पडद्यावर राखाडी मातीसारखे काही वळत असे आणि तिच्या बोटांच्या हालचालीने त्याला खांदा फुटे, मनगट फुटे. ती मधूनच मागे वळून विचारी, "बरं दिसतंय ना हो?" तो मान हलवी. आपण अक्षयच्या जागी बसलो आहोत, या विचाराने त्याला जे सुख होई ते त्या मूर्तीचे नव्हते. पण सुख होते.

मग चेहरा आला. शिल्पा सोंडेच्या वळ्या कोरू लागली, पापणीची कड काढू लागली आणि फाईल जड होत गेली. पडदा पांढराफटक पडे. थोडा वेळ यंत्र आत कुठेतरी घरघरत राही, मग सगळे आपोआप बंद. पापणी केली की जाई. पुन्हा केली की पुन्हा जाई. शिल्पा त्रागा करीत नव्हती, आणि प्रणितला तेच सहन होत नव्हते. ती त्याच्यावर चिडली असती तर त्यालाही चिडता आले असते. तिने फक्त फोन उचलला.

"अरे, मशीनच घेत नाय म्हणतात जास्त. काय करू?"

"असं कसं घेत नाय?" अक्षय म्हणाला. "बरं, राहू दे. फाईल घेऊन इकडंच ये. माझं मशीन काय, तुझंच हाय."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळच्या गाडीने पेणला जाऊ लागली, दिवेलागणीला परत येऊ लागली. तिच्या ओढणीला रंगाचा आणि रबराच्या साच्यांचा वास येई. तिच्या बोलण्यातही दुसऱ्या कुणाचे बोलणे चिकटून येई: अक्षय म्हणतो भुवई जरा खाली हवी, अक्षय म्हणतो बाळाचे गाल असे ताणलेले नसतात. कंपनीच्या गोदामात पिंपांवर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकताना प्रणितला ती दोन डोकी एका पडद्यावर झुकलेली दिसत. ती बोलत नसत. बोलली असती तर त्याने काहीतरी ऐकले असते, काही पकडले असते. त्याच्या मनातल्या त्या खोलीत फक्त गप्प राहून समजणे चालू होते, आणि तिला दार नव्हते.

अक्षयला घराबाहेर ठेवण्यासाठी त्याने आठ घेतले होते. त्या आठानेच शिल्पाला अक्षयकडे पोचवले होते. हे त्याला कळत नव्हते असे नाही. दिनानाथशेठकडे जाऊन मेमरी वाढवून आणणे एका संध्याकाळचे काम होते. पण मग जे मशीन जास्त घेतच नव्हते ते आता कसे घेऊ लागले, हे सांगावे लागले असते. तो रोज संध्याकाळ पुढे ढकलत होता.

काशीबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "काय रे, बायकोला माहेरी धाडायची तर सरळ धाडावी. त्याला यवढा डबा कशाला आणलास?"

"तूच म्हणालीस ना, देव मावला म्हणजे झालं?"

"मावला नाय म्हणून तर रोज गाडीनं जातोय."

एका रविवारी शिल्पा बाजारातून आली आणि पिशवी न ठेवताच त्याच्यासमोर उभी राहिली.

"दिनानाथशेठ भेटले. विचारत होते, वहिनी, टायपिंग बरं चाललंय ना? मेमरी वाढवायची तर सांगा म्हणाले, दोन खाचा रिकाम्याच हायत."

प्रणितच्या हातातले वर्तमानपत्र एकाएकी फार मोठे झाले. त्याची घडी होईना.

"मला वाटलं, आठ पुरे," तो म्हणाला.

"तसं सांगायचं होतंत. मी भांडले असते. भांडून घेतली असती. तुम्ही मशीनवर ढकललंत."

"तुला बत्तीस पाहिजे म्हणून त्यानं ठरवायचं?"

"कोणी? अक्षयनं?" ती हसली नाही. "त्याला माझं काम ठाऊक हाय."

"तेच."

"मग तुम्ही बी करून घ्यायचं ठाऊक. कोणी दार लावलं होतं? मागं खुर्ची टाकून बसत होतात तेव्हा मला वाटलं, यांना बघायचंय. तुम्ही राखण करत होतात."

त्याने त्याच दिवशी मेमरी टाकून आणली. दिनानाथशेठने खाचा भरताना काहीही विचारले नाही. त्याचे ते न विचारणे प्रणितने मान खाली घालून घेतले. घरी येऊन त्याने संगणक जागेवर ठेवला, वायर जोडली. शिल्पा पिशवीत कपडे भरत होती.

"आता चालंल," तो म्हणाला. "सगळं इथंच होईल. तुला जायला नको."

"चांगलं झालं," ती म्हणाली. "सोडा ती वायर. मशीन पेणला न्यायचंय, अक्षयचं किती दिवस अडवू? डोळे मी तिथंच करणार. साचा निघेस्तोवर तिथंच राहीन."

"आणि मग?"

"मग बघू."

गाडीत प्रणितने संगणकाचा डबा मांडीवर धरला होता. शिल्पा खिडकीशी होती. निडी मागे पडले, नागोठणे मागे पडले. कापलेल्या भातशेतांवर उन्हाची पिवळी, थकलेली साय आली होती. डबा जड नव्हता. तरी त्याच्या मांड्यांना मुंग्या आल्या. आपण आपल्याच हातांनी काय पोचवायला निघालो आहोत, हे त्याला नीट दिसत होते, आणि दिसत असूनही डब्याला धक्का लागू नये म्हणून तो प्रत्येक स्टेशनावर हात आडवा घालत होता.

कारखान्यात अर्ध्या रंगवलेल्या मूर्तींच्या रांगांमधून वाट काढीत तो आत गेला. लग्नानंतर इतका आत तो प्रथमच येत होता. अक्षयने डबा हातातून घेतला. "या दाजी! शेवटी घेतलं ना मशीननं?" तो मोकळेपणाने हसला. त्याला काही सांगितलेले नव्हते. शिल्पाने नवऱ्याची लाज झाकली होती. तिने ती अक्षयपासून झाकली, याचा प्रणितला एक क्षण आनंद झाला. मग आनंद कशाचा झाला हे पाहून तो विझला.

संगणक लागला. फाईल क्षणात उघडली आणि बाळगणपतीचा चेहरा पडदाभर आला. एकही वळी अडखळत नव्हती. शिल्पा बसली आणि डोळ्यांत उतरली. मग बराच वेळ तिला कुणीच नव्हते.

दुपार कलली तेव्हा जनूतात्यांनी एक पाट आणून पडद्यासमोर जमिनीवर ठेवला. अक्षयने पडदा उचलून उंच घडवंचीवर बसवला.

"आमच्या कारखान्याची रीत हाय, जावईबापू," जनूतात्या म्हणाले. "ज्यानं डोळे केले त्याला नजर दिसत नाय. त्याची नजर त्यातच घोटली जाते. म्हणून पूजेला माणूस बसतो तसं दुसऱ्यानं समोर बसायचं नि सांगायचं, देव बघतोय का नाय."

अक्षय सवयीने पाटाकडे वळला आणि थांबला. "दाजी, आज तुम्ही बसा."

प्रणित मांडी घालून बसला. वरून ते मोठे, लहान मुलाचे डोळे त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी पाहत होते.

"बघतोय?" शिल्पाने विचारले.

"नाय. माझ्या मागं बघतोय."

तिने काहीतरी केसभर हलवले. "आता?"

"थोडा खाली."

पुन्हा केसभर. दोघांमध्ये दुसरे कोणी नव्हते. ती विचारत होती, तो सांगत होता, आणि तिचा हात त्याच्या शब्दामागे जात होता. हाताला काय सोडवत नाही हे त्याला आत्ता, या पाटावर बसून, दिसू लागले होते. मग एकदम ते डोळे त्याच्यावर येऊन थांबले, कुतूहलाने, कोणताही आरोप न ठेवता. 

"व्हय," तो म्हणाला. "आता बघतोय."

शिल्पाचा हात माउसवर तसाच होता. तिने प्रणितकडे पाहिले, नीट, जरा जास्त वेळ. मग मान वळवली.

"अक्षय," ती म्हणाली, "तू बस रे एकदा. बघून सांग, खरंच बघतोय का."

प्रणित उठला आणि पाट मोकळा केला.