गोमीचा झगा

सरुबाईच्या जिभेला हाड नाही असं सगळी भोसरी म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. दूध घालायला ती रोज सकाळी पिंपरीच्या कॅम्पात जायची. फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी माणसं तिथे लष्कराच्या जुन्या बराकींत राहत. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून दहा-बारा संसार मांडलेले. त्या प्रत्येक पडद्याआड सरुबाईचं माप जायचं, आणि मापाबरोबर तिची बडबडही. पाणी घालते म्हणून कोणी कुरकुरलं, तर "म्हशीला जाऊन सांग" म्हणून ती मोकळी व्हायची.

त्या बराकीत तिचा जीव एकीवर, खेमीबाईवर. खेमीबाई फार बोलायची नाही. तिचा नवरा हासाराम सायकलवर कापडाचे तुकडे घेऊन गावोगाव फिरे. दोघंच माणसं, मूलबाळ नाही. त्यामुळे सरुबाईची शालन आईचा पदर धरून आली की खेमीबाईचा चेहरा उजळायचा.

श्रावणात नागपंचमी उलटली की दोन-चार दिवसांनी खेमीबाईचा एक दिवस असायचा. त्या दिवशी ती चूल पेटवत नसे. आदल्या दिवशी केलेला गोड रोट ताटलीत ठेवी, शालनला पाटावर बसवी, दूध-रोट खाऊ घाली आणि नवा झगा देई. पिवळा झगा, लाल काठाचा. दर वर्षी तसाच.

सरुबाईला ते सगळं सरळ दिसलं. नागपंचमीला आपण तवा ठेवत नाही, तसा यांचाही काहीतरी सण. आपल्यात कुमारिका जेवू घालतात, तशी खेमीबाई आपल्या पोरीला जेवू घालते. सणाच्या दिवशी मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून ती दर वर्षी खेमीबाईसाठी गजरा न्यायची, स्वतःच तिच्या केसांत माळायची आणि वर थट्टा करायची, "माप घ्यायची तुमच्याकडं रीतच न्हाई व्हय गं? पोरगी केवढी, झगा केवढा!" पहिल्या वर्षी तो झगा शालनच्या पायात लोळत होता. मग घोट्यापर्यंत आला, मग पोटरीवर. खेमीबाई नुसती हसायची.

पंचावन्न सालच्या श्रावणात शालनला आठवं वर्ष लागलं होतं. नेहमीसारखी ती पाटावरून उठली, झगा घातला आणि गिरकी घेऊन उभी राहिली. बाही मनगटाशी बरोब्बर. घोळ गुडघ्याखाली चार बोटं.

"अगो बाई!" सरुबाईनं टाळी वाजवली. "औंदा घेतलंस बघ माप! अंगावर बेतल्यागत बसलाय!"

खेमीबाईच्या हातातली ताटली खाली पडली. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो सरुबाईनं कधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. अडलेली म्हैस तसा आवाज काढते. खेमीबाई शालनकडे पाहत भिंतीला टेकली आणि तशीच खाली घसरली.

"काय झालं? अवं, कुणीतरी या!"

हासाराम बाहेर सायकलवर गठ्ठे बांधत होता. तो आत आला, त्यानं झगा घातलेली पोर पाहिली आणि दारातच थांबला. मग त्यानं ट्रंक उघडली, तळातून एक फडकं काढलं आणि सरुबाईपुढे धरलं. पिवळ्या कापडाची, लाल काठाची, लहान पोरीच्या झग्याची एक बाही. खांद्याशी उसवून फाटलेली.

"आमची मुलगी होती, बाई. शालनएवढी," तो म्हणाला. खेडोपाडी हिंडून त्याला मराठी चांगली येत होती. "तिकडून निघालो तेव्हा गाडी वाटेत थांबवली. तलवारी घेऊन लोक डब्यात शिरले. हिनं मुलीचा हात घट्ट धरला होता. तिकडून त्यांनी ओढली. हिच्या हातात एवढंच राहिलं."

सरुबाईला वाटलं, आता मागोमाग काहीतरी सांगेल, पुढे पोर सापडली म्हणेल. हासारामनं ती बाही तळहातावर सरळ केली.

"या बाहीवरून ही झगा बेतते," तो म्हणाला. "आजच्याच तिथीला. दर वर्षी."

सण नव्हता तो! आणि आपण दर वर्षी गजरा माळत होतो, या बाईच्या, या दिवशी! ज्या दिवसांत ती गाडी थांबवली, त्याच दिवसांत भोसरीच्या चावडीवर झेंडा लागला होता, साखर वाटली होती. शालन पोटात होती म्हणून सरुबाईनं मूठभर जास्तच मागून खाल्ली होती. ती साखर आता तिच्या तोंडात माती होऊन फिरली.

आणि मग तिला दुसरं सुचलं, आणि ती मुळापासून हादरली. मेलेल्या पोरीच्या पानावर आपली पोर बसत होती. मेलेल्या पोरीचा झगा घालून गावभर मिरवत होती. दोन पोरगे देवीच्या साथीत गेल्यावर जगलेली ही एकुलती एक! सरुबाईनं शालनला बखोटीला धरलं आणि मागे न पाहता ती बराकीबाहेर पडली.

घरी येऊन तिनं झगा काढून परसात फेकला, मीठ-मोहऱ्यांनी पोरीची दृष्ट काढली आणि नवऱ्याला, गेनूला, बजावलं, "त्या बराकीत दूध तुमी घाला. मी न्हाई जायची."

गेनू दूध घालून आला की ती विचारायची नाही, पण कान तिकडेच असत. एक दिवस गेनू आपणहून म्हणाला, "ती खेमीबाई रोज एकच इचारती. पोरगी बरी हाय न्हवं? माझ्यामुळं काय झालं न्हाई न्हवं तिला? म्या म्हनलं, चांगली हुंदडतीया. तवा कुटं दूध घेती."

सरुबाईला स्वतःची लाज वाटली. अशी लाज तिला आयुष्यात फार वेळा वाटली नव्हती. पोरगे गेले तेव्हा शेजारची गोजाबाई पिठलं-भाकरी घेऊन आली होती. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, तेव्हा शेजारणीनं कडू घास आणायचा असतो. सरुबाईनं दात आवळले होते. गोजाबाईनं थोबाड दाबून घास आत सारला होता, आणि पोरांची नावं घेऊन तिला रडवलं होतं. म्हणून ती जगली.

हिला कुणी भरवला? हिच्या तर शेजारणीही त्याच गाडीतून आलेल्या.

सरुबाईनं तडक चूल पेटवली.

फडक्यात भाकरी आणि पिठलं बांधून, शालनला घेऊन ती बराकीत गेली. शालनच्या अंगात तोच पिवळा झगा होता, धुतलेला. खेमीबाई पोरीला पाहून उठायला गेली, तर सरुबाईनं तिला खांदा दाबून खाली बसवलं.

"कडू घास आनलाय. लई उशीर झाला, पर आनलाय. आदी पोरीचं नाव घे, मग खा."

खेमीबाईनं मान हलवली. नाही म्हणून.

"नाव काय तिचं?" शालननं विचारलं.

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, सरुबाईनंसुद्धा नाही. खेमीबाईनं शालनच्या झग्याची बाही मुठीत धरली. मग एकदम, सगळ्या बराकीला ऐकू जाईल असा तिनं टाहो फोडला, "गोमी! गोमी, माझी गोमी!"

सरुबाईनं घास तिच्या तोंडात सारला आणि तिला छातीशी धरलं. दोघी रडू लागल्या.

तेवढ्यात शेजारच्या गोणपाटाआडून एका म्हातारीचा आवाज आला. तिनंही कुणाचं तरी नाव घेतलं. तिच्या पलीकडून आणखी एक नाव आलं. मग समोरून, मग बराकीच्या पार टोकाकडून. बायकांचे आवाज, पुरुषांचे आवाज, एकेक नाव, आणि काही जणांची तर थांबेचनात. याच पडद्यांआड सरुबाई वर्षानुवर्षं दूध ओतत आली होती, थट्टा करत आली होती.

तिनं फडक्याकडे पाहिलं. भाकरी एका घरापुरतीच आणली होती.